पत्र्याखालचा चकवा

माझं इंग्रजी 'बी'पासून सुरू होतं. त्याचं कारण असं, की बाबांनी सातपूरच्या रद्दीवाल्याकडून जी डिक्शनरी आणली, तिची 'ए'ची सगळी पानं आधीच्या मालकाकडेच राहिली होती. पुठ्ठा नाही, नाव नाही, उघडलं की एकदम 'बी'. मी दहावीला इंग्रजीत दोनदा बसले आणि दोनदा नापास झाले, मग शाळा संपली ती संपलीच. पुढे जे काही शिकले ते त्या पुस्तकाच्या जिवावर. दर वेळी नव्या उमेदीने सुरुवात करायची ती 'बी'पासून, त्यामुळे 'बी'चे शब्द माझे चांगले पक्के झाले. 'ए' नसल्याची अडचण मात्र व्हायची. गल्लीतल्या कामगारांना रजेचे अर्ज मी लिहून द्यायचे, आणि माझ्या अर्जांत कोणी ॲबसेंट नसायचं, कोणाला ॲक्सिडेंट व्हायचा नाही, कोणी ॲपॉलॉजी मागायचं नाही. लोक नुसते 'नॉट प्रेझेंट' असायचे. साहेबांना त्याची सवय झाली असावी, कारण रजा मिळायची.

घर म्हणजे सातपूर कॉलनीतल्या दोन खोल्या, वर सिमेंटचा पत्रा. मागच्या भिंतीपलीकडे रस्ता आणि रस्त्यापलीकडे कारखाने. लोखंडी पत्रा दाबून सुटे भाग काढणारी पॉवर प्रेस खाली आली की तिचा ठोका जमिनीतून आमच्या घरात यायचा आणि मांडणीतले पेले एकमेकांना लागून किणकिणायचे. बाहेरचा पाहुणा दचकायचा. आम्हाला ऐकू यायचं ते ठोका थांबला की. सुट्टीच्या दुपारी आईला झोप लागायची नाही, म्हणायची, "कसं मेल्यासारखं वाटतंय घरात." तीन पाळ्यांचे तीन भोंगे, आणि त्या भोंग्यांवर आमचं सगळं. पहिली पाळी असली की आई अंधारातच नागलीच्या भाकरी थापायची. नागली, म्हणजे नाचणी, आमच्या गावाहून यायची, पेठच्या बाजूने, एसटीच्या टपावरून. सोबत भाजलेल्या उडदाची घट्ट आमटी, वर कांदा. बाबांच्या शॉपमधले, म्हणजे कारखान्यातल्या त्यांच्या विभागातले, लोक पोळी-भाजी खाणारे, पण बाबांच्या डब्यातली ती काळपट भाकर हळूहळू सगळ्यांनी खाऊन पाहिली, आणि शेजारचे रफिकचाचा तर हक्काने अर्धी काढून घ्यायचे. रफिकचाचा बाबांच्या बाजूच्याच प्रेसवर होते आणि आमच्या बाजूच्याच घरात. चाची म्हणायची, या दोघांचं लग्न लावून दिलं असतं तर आम्ही दोघी सुटलो असतो.

बाबांबद्दल एक गोष्ट इथेच सांगून टाकते, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. बाबा दारूला शिवत नव्हते. आमच्या पाड्यावर मोहाची घरोघरी निघायची, लग्नात, मयताला, सणाला, आणि तिला कोणी वाईटही म्हणायचं नाही. पण माझा आजा तिच्यापायी गेला आणि बाबांनी तेव्हाच हात धुतले. यात कोणाला काही सांगणं नाही, उपदेश नाही. फक्त पेठचा माणूस म्हटलं की शहरातले लोक डोळ्यांनी एक मोजमाप घेतात, ते बाबांना माहीत होतं. म्हणून ते दुसऱ्यांपेक्षा दहा मिनिटं आधी कामावर जायचे, सदऱ्याचं वरचं बटणही लावायचे. चहासुद्धा अर्धाच घ्यायचे.

त्या वर्षांत सातपूरला सगळ्या कंपन्यांना परदेशी सर्टिफिकेटचं वेड लागलं होतं. सर्टिफिकेट मिळालं की गेटवर मोठा फलक लावायचा. त्यासाठी म्हणे आत सगळं एका रेषेत पाहिजे. बाबांच्या कंपनीने दिवाळीच्या सुट्टीत, कामगार गावाला गेलेले असताना, सगळी शेड उलटीपालटी केली. मशीनी उचलून दुसरीकडे बसवल्या, जुनं दार बुजवून पलीकडच्या अंगाला नवीन पाडलं, भिंतींना हिरवा रंग दिला, जमिनीवर पिवळे पट्टे ओढले. याची नोटीस बोर्डावर लावली होती. इंग्रजीत होती आणि सुट्टीतच लावली होती.

बाबा अठरा वर्षं त्या शेडमध्ये. सुट्टीनंतरच्या पहिल्या पाळीला नेहमीसारखे सगळ्यांच्या आधी आत शिरले. त्यांच्या तोंडून मी हे इतक्या वेळा ऐकलंय की मीच तिथे होते असं मला वाटतं. दार भलतीकडे, पण आत तर आलो. मग सवयीने डावीकडे वळले, मोठ्या पंख्यापाशी उजवीकडे, आणि जिथे प्रेस असायची तिथे लोखंडी मांडण्या. म्हणाले, चुकलं काहीतरी. परत फिरले. पंखा लागला. पुन्हा वळले, मांडण्या. पुन्हा फिरले, परत तोच पंखा. तिसऱ्यांदा पंखा आला तेव्हा त्यांच्या पाठीवरून घाम गेला. आणि मग त्यांना कळलं काय झालंय ते, आणि कळल्यावर, म्हणायचे, जरा हायसंच वाटलं.

चकवा म्हणजे काय ते शहरातल्या वाचकाला सांगायला हवं. रानात, आपल्या नेहमीच्या वाटेवर, माणूस चालत राहतो आणि फिरून फिरून त्याच झाडापाशी येतो. गाव टेकडीमागेच असतं, पण सापडत नाही. काही लोक म्हणतात भूत असतं, काही म्हणतात अमुक वेलीवर पाय पडला की होतं. बाबा त्या वादात पडायचे नाहीत. उपाय मात्र आमच्याकडे पोरासोरांनाही ठाऊक. चालत राहायचं नाही. अंगातला सदरा काढून उलटा घालायचा, पायातलं उजवं डाव्यात, डावं उजव्यात करायचं, आणि आहे तिथे खाली बसून डोळे मिटायचे. थोड्या वेळाने वाट आपली आपण दिसते.

बाबांनी तेच केलं.

सकाळी साडेनऊला ते घरी आले. आई तांदूळ निवडत होती. पहिली पाळी दुपारी सुटते, म्हणून तिने वर पाहिलं.

"आज लवकर?"

"चकवा लागला."

"कुठं?"

"कंपनीत."

आईने सुपातला एक खडा काढून बाजूला ठेवला. "सदरा उलटा केला व्हता ना?"

"केला."

"बूट?"

"बूट पण."

"मग?"

"मग फोरमन आला."

फोरमनचं नाव कुलथे. माणूस वाईट नव्हता, हे मी आज म्हणू शकते. त्याने पाहिलं ते असं: पेठचा कामगार, जमिनीवर बसलेला, सदरा उलटा, बूट उलटसुलट, डोळे मिटलेले. त्याने विचारलं, "काय रे देवराम, दिवाळी उतरली नाही वाटतं अजून?" बाबा डोळे न उघडता म्हणाले, "साहेब, चकवा लागलाय. जरा बसू द्या, आपोआप उठतो." कुलथेच्या जागी मी असते तर मीही तेच लिहिलं असतं जे त्याने लिहिलं. प्रेस दीड तास बंद राहिली, पुढच्या लाईनला माल गेला नाही. बाबांना सस्पेंड केलं आणि दुसऱ्या दिवशी चार्जशीट घरी आलं. इंग्रजीत दीड पान. दारूच्या नशेत, अस्ताव्यस्त कपड्यांत, कामाच्या जागी जमिनीवर बसलेला आढळला, त्यामुळे उत्पादनाचं नुकसान. दोन दिवसांत लेखी खुलासा द्या, नाहीतर आरोप मान्य आहे असं धरू.

मी वाचून अर्थ सांगितला. बाबा बाकीचं सगळं शांतपणे ऐकत होते. 'नशेत' म्हटल्यावर म्हणाले, "ते परत वाच." मी परत वाचलं. मग ते उठून बाहेर ओट्यावर जाऊन बसले आणि संध्याकाळपर्यंत आत आले नाहीत. नोकरी जाईल याची काळजी आईला होती. बाबांना काळजी होती ती, अठरा वर्षं वरचं बटण लावून सुद्धा आपलं नाव त्या कागदावर त्या शब्दाशेजारी बसलं याची.

संध्याकाळी सल्ले द्यायला गल्ली जमली. कोणी म्हणालं लिही बीपी वाढलं, कोणी म्हणालं शुगर. रफिकचाचा मला म्हणाले, "मंदा बेटी, सीधा लिख दे, चक्कर आला. चक्कर को कौन ना बोलेगा?"

"चक्कर आली नाय," बाबा ओट्यावरून म्हणाले.

"अरे देवरामभाऊ, चक्कर और चकवा में फरक कितना? दो अक्षर का."

"चक्कर आली तर माणूस पडतो. मी पडलो नाय. बसलो."

"तो क्या लिखेगी ये पोरगी? इंग्रजी में चकवा किधर से लाएगी?"

"आसंल की. त्यांच्याकडं रानं नायत का?"

झालं. खुलाशाला दोन दिवस आणि माझ्यावर ही कामगिरी. चकव्याला इंग्रजी शब्द. तेव्हा मी एकोणीस वर्षांची, आणि माझ्याकडे 'बी' ते 'झेड'.

पहिला शब्द अर्थातच 'कन्फ्यूज्ड'. तो मी लिहूनही टाकला होता. पण गल्लीत एक कारकून राहायचे, त्यांनी पाहून जीभ चावली. म्हणाले, हे लिहू नकोस, कंपनी म्हणेल अठरा वर्षांनी ज्याला आपल्या मशीनवर गोंधळायला होतं त्याला हेल्पर करा. तेही खरं होतं. शिवाय कन्फ्यूज्ड माणसाला दोन गोष्टींतली कोणती घ्यावी ते कळत नाही. बाबांपुढे दोन गोष्टी नव्हत्याच, एकच होती, आणि ती जागेवर नव्हती. 'पझल्ड' पाहिला. त्याने डोकं खाजवणारा माणूस डोळ्यांपुढे आला, पेपरातलं कोडं सोडवणारा. बाबा कोडं सोडवत नव्हते. 'परप्लेक्स्ड' बरा होता, वजनदार होता, पण पुस्तकातल्या उदाहरणात त्या माणसाला कोणीतरी अवघड प्रश्न विचारलेला होता. बाबांना तर कोणी काहीच विचारलं नव्हतं, तीच तर तक्रार.

मग मी नेहमीसारखी पुन्हा पहिल्या पानाकडे गेले, आणि 'बी'त, जिथून मी शंभर वेळा पुढे गेले असेन, तिथे 'बिविल्डर' होता. भांबावून टाकणे, वाट न सुचणे, एवढाच अर्थ दिला होता. वाट या शब्दावर माझं बोट थांबलं. पण एका फाटक्या पुस्तकावर बापाची नोकरी कशी लावायची? दुसऱ्या दिवशी सकाळी सिटी बस पकडून शहरातल्या सीबीएस स्टँडला उतरले आणि वाचनालयात गेले. तिथल्या बाई सभासद नसलेल्यांना आत घेत नसत. मी म्हटलं, मला एकच शब्द पाहायचाय, पुस्तकाला हातसुद्धा लावत नाही, तुम्हीच पानं उलटा. त्यांनी मोठी डिक्शनरी काढली, उशीएवढी, आणि वाचून दाखवलं. त्यात शब्दाचं मूळ दिलं होतं. बाई म्हणाल्या, "हे बघ, यात 'वाइल्ड' आहे ना, ते रान. रानात भरकटवणे, वाट चुकवणे. तिथून आलाय शब्द."

मी त्यांना म्हटलं, "म्हणजे इंग्रजांनाही चकवा लागतो."

त्या चष्म्यावरून माझ्याकडे बघत राहिल्या. म्हणाल्या, "लागत असेल. अजून काही बघायचंय?"

येताना बसमध्ये मला फार बरं वाटत होतं. समुद्रापलीकडे कुठेतरी कोणी गोरा शेतकरी संध्याकाळी आपल्याच रानात त्याच झाडापाशी तिसऱ्यांदा येऊन उभा राहिला असेल, त्याला घाम फुटला असेल, आणि त्याच्या लोकांनी त्यासाठी शब्द केला असेल. सदरा उलटा केला की नाही ते पुस्तकात नव्हतं.

परवा माझी भाची इंदिरानगरला माझ्याकडे आली होती. मी माझं हे लिहिणं दाखवलं तर म्हणाली, आत्या, हा शब्द आता कोणी वापरत नाही, आम्ही सगळ्यालाच कन्फ्यूज म्हणतो. खरं आहे. त्यांना आइस्क्रीम कोणतं घ्यावं यातही कन्फ्यूज होतं आणि लग्न कोणाशी करावं यातही तेच. मी तिला म्हटलं, जपून वापर बाई, मोठ्या गोंधळाला वेगळा शब्द राखून ठेवावा. वेळ आली की नुसत्या कन्फ्यूजवर भागत नाही.

खुलासा दिला. मी दारू प्यायलो नव्हतो, मी बिविल्डर्ड होतो, असं त्यात दोनदा लिहिलं. बाबांना तो शब्द पाठ करायला लावला. जेवताना घासाघासाला म्हणायचे. आई म्हणाली, भाकरीबरोबर पोटात गेला तर बाहेर काय काढाल. महिनाभर अर्ध्या पगारावर घर चाललं. बाबा सकाळी भोंग्याला उठायचे, आंघोळ करून तयार व्हायचे आणि ओट्यावर बसायचे. जमिनीतून ठोके यायचे. त्यांचा चेहरा पाहून मला कळायचं, की कोणती प्रेस चालतेय हेही त्यांना इथून ओळखू येतं, आणि त्यांच्या जागी कोणीतरी दुसरं बसलंय.

इन्क्वायरीला कंपनीने शहरातले एक म्हातारे वकील बोलावले. कामगाराला आपल्या बाजूने एक सहकारी नेता येतो, बाबांनी रफिकचाचांना नेलं. मला आत सोडलं नाही. मी गेटवर वॉचमनच्या स्टुलावर बसून राहिले आणि माझ्या शब्दाचं आत काय होत असेल याचा विचार करत राहिले. शब्द चुकीचा निघाला तर दोष माझा होता, आणि शिक्षा बाबांना होणार होती. पुढचं मला चाचांनी सांगितलं, आणि बाबांनी ते कधी खोडलं नाही.

वकील साहेबांनी खुलासा वाचला. विचारलं, "देवराम, हा बिविल्डर्ड म्हणजे काय? अर्थ माहीत आहे, की नुसती सही केली?"

कुलथे मध्येच म्हणाला, "साहेब, अर्थ काय, गोंधळलेला. पिल्यावर माणूस गोंधळतोच."

वकील म्हणाले, "मी त्याला विचारलंय."

बाबा उभे राहिले. इंग्रजी वाक्य त्यांनी बोलून दाखवलंच नाही, एवढं पाठ करून. ते म्हणाले, "साहेब, परक्या रानात माणूस चुकतो, त्याला चुकणं म्हणायचं. त्यात काय नाय, विचारून पुढं जातो. आपल्या सोताच्या रानात चुकला तर त्याला चकवा. तिथं विचारायला पण लाज वाटती. अठरा वर्सं माझी वाट, मी कोणाला विचारू माझी मशीन कुठं हाय म्हणून?"

वकिलांनी विचारलं, "पण मग त्या दिवशी बाकी कोणाला हा त्रास कसा झाला नाही? सगळे कामाला लागलेच ना?"

हा प्रश्न बाबांना नव्हताच. तो चाचांकडे बघून विचारलेला होता. चाचा म्हणायचे, उस टाइम मेरे को वाटलं, माझी प्रेस पण आता जाते. खरं बोललं तर आपणही कामावरून गायब होतो हे कबूल करायचं, आणि चाचांना तीन मुली. त्यांनी टोपी काढून परत घातली.

"साहेब, मेरे को बी लगा था. मैं पंखे के पास दो चक्कर मारा. फिर संडास में जाके दरवाजा बंद करके खडा रहा, पाव घंटा. बाहर निकला तो दुसरे लोक दिसले, उनके पीछे पीछे गया. शर्ट उलटा नहीं किया, इतनाच फरक."

"संडासात तुम्ही एकटेच होता?"

चाचा म्हणाले, "नहीं साहेब. रांग थी."

वकिलांनी पेन खाली ठेवलं आणि कुलथेला विचारलं, "तुम्हाला नाही लागला चकवा?"

"मला कसा लागेल साहेब, लेआऊट मीच काढलंय."

"कामगारांना फिरवून दाखवलं होतं?"

"नोटीस लावली होती."

आठ दिवसांनी निकाल आला. नशेत असल्याचा आरोप सिद्ध होत नाही. मी ते वाक्य बाबांना चार वेळा वाचून दाखवलं, ते सांगत गेले म्हणून. आईने शेवया केल्या, चाचीने दूध पाठवलं. माझ्या शब्दाचं गल्लीत बरंच नाव झालं, रजेच्या अर्जात तो टाकून द्या म्हणून दोघे-तिघे मागायला आले, त्यांना मी नाही म्हटलं. पण निकालासोबत एक हमीपत्र होतं आणि त्यावर तीन दिवसांत सही करून हजर व्हायचं होतं. त्यात लिहिलं होतं, मी यापुढे कामाच्या वेळेत बिविल्डर्ड होणार नाही.

मी मराठीत सांगितलं. बाबांनी पेन खाली ठेवलं.

"हे कसं लिहून देऊ?"

"अवो, सही करा," आई म्हणाली. "कागदाला काय कळतंय."

"कागदाला नाय कळत. मला कळतंय. चकवा काय मला विचारून लागतो?"

"नाही लागणार आता. झाला एकदा."

"आणि लागला तर? आत्ता कुठं मी खरा ठरलो. उद्या त्याच कागदावर खोटा ठरू?"

"मग काय ओट्यावर बसून ऱ्हाणार जन्मभर?" आईचा आवाज असा मी फार वेळा ऐकलेला नाही. "महिनाभर तुमचं तोंड बघितलंय मी. खरं नि खोटं चाटून पोट भरतंय का पोरांचं?"

चाचा येऊन समजावून गेले, कारकून येऊन गेले, सगळे असल्या कागदांवर डोळे झाकून सह्या करतात असं सांगून गेले. पहिला दिवस गेला. दुसराही गेला. आईने बोलणं सोडलं, भाकरी नुसती पुढे सरकवायची. मला बाबांचा राग येत होता आणि आपला शब्दच त्यांच्या गळ्यात अडकलाय असंही वाटत होतं. त्या लोकांनी दारू शब्द काढून घेतला आणि मी दिलेला शब्द उचलून त्याचाच गुन्हा केला.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी कोरा कागद घेऊन ओट्यावर त्यांच्याशेजारी बसले. म्हटलं, "बाबा, काय लिहून देता येणार नाही ते कळलं. काय देता येईल ते सांगा."

बाबांनी बराच वेळ विचार केला. मग एकेक करून सांगत गेले, मी लिहीत गेले. चकवा लागणारच नाही असं म्हणता येत नाही. लागला तर फिरत राहणार नाही. बसणारही नाही. सदरा उलटा करणार नाही. इथे ते अडखळले, पण म्हणाले लिही. जागेवर उभा राहीन आणि हाक मारीन. मी त्याचं इंग्रजी केलं. सोपंच झालं, एकही शब्द डिक्शनरीत पाहावा लागला नाही, आणि बाबांनी खाली सही केली, मोठी, देवनागरीत. आईने ऐकून एवढंच म्हटलं, "सदऱ्याचं लिहून दिलं ते बरं नाय केलं."

पर्सोनेलच्या, म्हणजे कामगारांच्या फायली बघणाऱ्या, साहेबांनी तो कागद वाचला. म्हणाले, "देवराम, असं कोणी लिहून देत नाही."

"सगळे देतात ते मला देता येत नाय साहेब."

"बरं, हाक मारलीस तर यायचं कोणी?"

"ज्याला वाट ठाऊक हाय त्यानं."

साहेबांनी कागदाकडे पाहिलं, बाबांकडे पाहिलं, आणि आपल्या हाताने खाली एक ओळ लिहिली, हाक आल्यास शॉपच्या फोरमनने जावे. शिक्का मारला आणि फाईलला लावला.

दुसऱ्या दिवशी पहिल्या पाळीला बाबा नव्या दारातून आत गेले आणि दोन पावलांवर उभे राहिले. आत कुठेही गेले नाहीत. आमच्याकडे एका डोंगरावरून दुसऱ्या डोंगरावर हाक मारतात, तशी त्यांनी मारली. "ओ कुलथे साहेब." चाचा सांगायचे, दोन मशीनी आपोआप थांबल्या. कुलथे केबिनच्या दारात आला, बघत राहिला. बाबा जागचे हलले नाहीत. त्यांनी परत हाक मारली, तशीच. मग तो आला. पुढे कुलथे, मागे बाबा, असे पिवळ्या पट्ट्यावरून निघाले, आणि वळणावर चाचा मागे लागले, त्यांच्या मागे आणखी दोघे, मग आणखी. ज्यांनी इतके दिवस कोणाच्या तरी पाठीकडे बघून आपली मशीन गाठली होती ते सगळे. कुलथेने मागे वळून पाहिलं. एकेकाला त्याच्या मशीनपाशी सोडत त्याने सगळ्या शेडची एक फेरी केली.

हे चाचांकडून नंतर कळलं. त्या दुपारी भोंगा झाल्यावर बाबा आले, हातपाय धुतले आणि पाटावर बसले. आईने ताट वाढलं. ती तीन-चार दिवसांनी त्यांच्याशी नीट बोलत होती, पण ताटाकडे बघूनच.

"हाक मारली?"

"मारली."

"आला?"

"आला."

"पहिल्या हाकेला?"

बाबांनी भाकरीचा तुकडा मोडला. "नाय. दुसऱ्या," म्हणाले. आणि घास गिळून झाल्यावर, "पण आला."